जीवशास्त्राच्या वर्गात काय वाट्यास येते?
(ज्ञातीच्या वार्षिक गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



शालान्त परीक्षेत यश मिळवून आपल्यापैकी पुष्कळ मुले-मुली आता विज्ञान शाखेकडे वळतील, आणि त्यांतील बरीच जीवशास्त्र हा विषय घेतील. अशा वेळी पालक आम्हां शिक्षकांस एकच प्रश्न विचारतात: "मुलगा डॉक्टर होईल ना?" त्याचे उत्तर आम्हांस देता येत नाही. परंतु त्या वर्गात मुलाच्या वाट्यास काय येईल, हे आम्ही सांगू शकतो. आणि ते आधी कळले तर पुढची पुष्कळशी निराशा टळते, असा आमचा अनुभव आहे.

प्रथम विषयाचा विस्तार पाहू. राज्य मंडळाच्या २०१९ साली आलेल्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात सोळा प्रकरणे आहेत, व २०२० सालच्या बारावीच्या पुस्तकात पंधरा. सजीवांच्या वर्गीकरणापासून आरंभ होऊन पेशी, वनस्पतींच्या ऊती, झुरळाची शरीररचना, श्वसन, आनुवंशिकता, उत्क्रांती, जैवतंत्रज्ञान असे करीत हा प्रवास जैवविविधतेपाशी संपतो. यांतील बरेच विषय दहावीत भेटून गेलेले असतात. म्हणूनच पहिले दोन महिने विद्यार्थी निर्धास्त राहतो, आणि दिवाळीपूर्वीच्या परीक्षेत दचकतो. दहावीत जे एका परिच्छेदात आटोपले होते त्याची आता प्रत्येक पायरी, प्रत्येक कारण विचारले जाते. बारावीच्या शंभर गुणांपैकी सत्तर लेखी परीक्षेस व तीस प्रात्यक्षिकास असतात.

दुसरी अडचण भाषेची. मराठी शाळेत शिकलेल्या मुलास येथे अकस्मात इंग्रजीशी गाठ पडते. हरितलवक क्लोरोप्लास्ट होते, तंतुकणिका मायटोकाँड्रिया होते, आणि काल वर्गात पहिला असलेला मुलगा आज मागच्या बाकावर मान खाली घालून बसतो. त्याची बुद्धी एका उन्हाळ्यात आटली काय? मुळीच नाही. त्याने वहीचे पान उभे दुमडावे, एका बाजूस इंग्रजी संज्ञा व दुसरीकडे तिचा मराठी प्रतिशब्द लिहावा, आणि रोज दहा शब्द याप्रमाणे चालावे. दिवाळीपर्यंत त्याचा पाय स्थिर होतो, असे आम्ही अनेकदा पाहिले आहे. किंबहुना मराठी शब्दाचा येथे लाभच होतो. मायटोसिस आणि मायोसिस या दोन शब्दांत इंग्रजी शाळेतील मुलेही गोंधळतात. पण ज्याने सूत्री विभाजन आणि अर्धसूत्री विभाजन हे शब्द शिकले आहेत, त्याला दुसऱ्यात गुणसूत्रांची संख्या निम्मी होते हे शब्दच सांगतो.

तिसरी गोष्ट प्रात्यक्षिकाची. बेडूक फाडावा लागेल या भयाने काही घरांतून आजही विरोध होतो. तो प्रकार शालेय वर्गांतून बंद झाला आहे. आता मुख्य काम सूक्ष्मदर्शकाचे. कांद्याचे बूड पाण्यास टेकेल असा तो बाटलीच्या तोंडावर ठेवला की दोन-चार दिवसांत मुळे फुटतात. त्यांच्या टोकांवर रंगद्रव्य चढवून काचपट्टीवर दाबले म्हणजे विभाजन चाललेल्या पेशी दिसतात. जे दिसले तेच काढावे, पुस्तकातील आकृती पाहून काढू नये, एवढा एक नियम ज्याने पाळला त्याला हा विषय साधला असे समजावे.

वैद्यकीय प्रवेशपरीक्षेविषयी बोलल्यावाचून गत्यंतर नाही. २०२५ सालच्या नीट परीक्षेत १८० प्रश्नांपैकी ९० जीवशास्त्राचे होते. बरोबर उत्तरास चार गुण, आणि चुकलेल्या उत्तरास एक गुण वजा. म्हणजे अर्धवट पाठांतर तेथे नुसते निरुपयोगी नव्हे, नुकसानकारक ठरते. ही परीक्षा मराठीतूनही देता येते. मात्र सर्वांनाच तेथे जागा मिळणार नाही, हे पालकांनी आजच मनाशी ठरवावे. कृषी, औषधनिर्माण, परिचर्या, मत्स्यविज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र हे मार्गही याच वर्गातून निघतात. त्या मार्गाने गेलेल्या मुलास "राहिला बिचारा" असे म्हणण्याची आपल्या घरांतील चाल बंद झाली पाहिजे.

आता ज्या प्रकरणासाठी आम्ही हा विषय निवडला त्याकडे वळतो. बारावीत आनुवंशिकतेचे प्रकरण येते. ग्रेगोर मेंडेल या मठवासी संन्याशाने वाटाण्याच्या रोपांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून १८६६ साली आपले निष्कर्ष छापले. त्यांचे महत्त्व जगास १९०० साली पटले. त्याचा गाभा असा की प्रत्येक गुणाचे दोन घटक आपल्यात असतात, एक आईकडून व एक वडिलांकडून; आणि एखादा घटक अंगी असूनही दिसत नाही. विद्यार्थी हे चौकोन आखून सोडवितो, गुण मिळवितो आणि विसरतो. त्याने विसरू नये, आणि आपणही ऐकावे, अशी आमची विनंती आहे.

थॅलेसेमिया व सिकलसेल हे रक्ताचे विकार याच नियमाने चालतात. ज्याच्यात सदोष घटक एकच आहे तो वाहक. तो आपल्यासारखाच हिंडतो-फिरतो. फार तर रक्त किंचित कमी भरते, आणि ते लोहाच्या अभावामुळे आहे असा समज होतो. परंतु दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी अपत्य रोगी होण्याचा संभव चारांत एक असतो. पहिले मूल आजारी निपजले म्हणून पुढची तीन निरोगी होतील, असा याचा अर्थ नव्हे. प्रत्येक वेळी फासा नव्याने पडतो. थॅलेसेमियाचा तीव्र प्रकार झालेल्या बालकास दर काही आठवड्यांनी परक्याचे रक्त घ्यावे लागते.

आपल्यासारख्या मर्यादित ज्ञातीत, नात्यांतल्या नात्यांत सोयरिकी जुळत आल्या असता, एकच दोष दोन्ही घरांत असण्याचा संभव वाढतो. आपल्या वधूवर सूचीच्या अर्जात रास, नक्षत्र, नाडी, गोत्र आणि अलीकडे रक्तगटही विचारतात. रक्तगटावरून वाहकपणा मुळीच कळत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनची स्वतंत्र तपासणी आहे, आणि ती आयुष्यात एकदा केली की पुरते. अर्जात तेवढा एक रकाना कार्यकारी मंडळाने वाढवावा, अशी आमची जाहीर सूचना आहे. त्याबरोबरच एक इशाराही देतो. वाहक असणे हा रोग नव्हे आणि कलंक तर नव्हेच. वाहकाचा विवाह वाहक नसलेल्याशी झाल्यास मुलांस तो रोग होत नाही. या माहितीचा उपयोग करून कोणी मुलीला नाकारण्याचे निमित्त शोधील, तर ते विज्ञान नव्हे. दोघेही वाहक निघाले तरी वैद्यकीय सल्ला व गर्भावस्थेतील तपासणी उपलब्ध आहे.

शेवटी रक्ताविषयीच एक गोष्ट. आपल्या बोलण्यात 'आपले रक्त' हा शब्द वारंवार येतो. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली रक्तगट दाखवून दिले. ते सर्व जातींत, सर्व देशांत विखुरलेले आढळतात. १९५२ साली आपल्या मुंबईतच डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विरळा रक्तगट उजेडात आणला. जगभर त्यास 'बॉम्बे' गट म्हणतात. साध्या तपासणीत तो 'ओ' भासतो, परंतु अशा व्यक्तीस 'ओ' रक्तही चालत नाही. तिला त्याच गटाचा दाता लागतो. त्या घडीला सख्खा भाऊ निरुपयोगी ठरू शकतो, आणि कुठल्याशा गावचा, कुठल्याशा जातीचा अनोळखी मनुष्य प्राण वाचवितो. ज्ञातीच्या व्यासपीठावरून हे सांगताना आम्हांस संकोच वाटत नाही. ज्ञातीने मुलांस शिष्यवृत्ती द्यावी, वसतिगृह द्यावे, आधार द्यावा. रक्ताच्या श्रेष्ठपणाचा अभिमान मात्र देऊ नये, कारण बारावीच्या पहिल्या सहामाहीतच तो खोटा ठरतो.

विद्यार्थ्यांनो, या वर्गातून तुम्ही डॉक्टर व्हाल की नाही हे परीक्षा ठरवील. पण घरात कोणी आजारी पडले असता अंगारा-धुपाऱ्याआधी कारण विचारणारा एक मनुष्य तुमच्या रूपाने घरास मिळाला, तरी तुमची दोन वर्षे सार्थकी लागली असे आम्ही समजू.