हसणाऱ्यांत मीही होतो

इअरफोन लावलाय ना? मग आवाज जरा वाढवा. आजची गोष्ट आपल्या हिंगोलीची आहे, आणि थोडी माझी.

सातवीत आमच्या वर्गात एक मुलगा होता. आई-वडील ऊसतोडीला जायचे. दिवाळीनंतर तोही त्यांच्यासोबत गेला आणि थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परत आला. गुरुजींनी पाढे विचारले, तो अडखळला. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, 'ए कोयत्या!' अख्खा वर्ग हसला. त्या दिवसापासून तेच त्याचं नाव झालं. मी त्याला कधी तसं म्हटलं नाही. पण हसलो मात्र दर वेळी. आठवीला तो शाळेत आलाच नाही.

खूप वर्षं मला वाटायचं, मी कुठं काय केलं? चिडवणारे तर दोघंच होते. पण खरं सांगू? त्या दोघांना जोर यायचा तो आमच्या हसण्यामुळं.

फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठातल्या संशोधकांनी नेमकं हेच हेरलं. त्यांचा 'किवा' नावाचा कार्यक्रम २००९ पासून तिथल्या शाळांमध्ये पसरला. त्यात मोठा भर बघ्यांवर. वर्गात छोटी नाटुकली करायची, चर्चा करायची, आणि चिडवणं चालू असताना बाकीच्यांनी काय करायचं ते ठरवायचं.

यालाच सामाजिक-भावनिक शिक्षण म्हणतात. नाव जड आहे, काम साधं. आपल्याला राग आलाय की लाज वाटतेय ते ओळखायचं. समोरच्याचा चेहरा वाचायचा. आणि 'बस कर आता' म्हणायची प्रॅक्टिस करायची. हो, प्रॅक्टिस! कारण ऐनवेळी तोंडातून शब्दच फुटत नाही.

हे फक्त परदेशात चालतं असं समजू नका. आपल्या मराठवाड्यातच, बीड जिल्ह्यात, २००९ मध्ये शांतिलाल मुथ्था फाउंडेशननं जिल्हा परिषदेच्या ५०० शाळांत 'मूल्यवर्धन' सुरू केलं. जोडीनं बोलणं, गटात खेळणं, वर्गाचे नियम पोरांनीच बनवणं. पुढं ते राज्यभर गेलं.

आता तुम्ही म्हणाल, कायदा आहे की! आहे ना. शिक्षण हक्क कायद्यानं मुलांना मारायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला बंदी आहे. शाळेत तक्रारपेटी हवी, सखी सावित्री समिती हवी, असे शासन निर्णय आहेत. पण पेटी भिंतीवर टांगता येते, धीर टांगता येत नाही. तो वर्गातच, रोज थोडा थोडा तयार करावा लागतो.

आपल्या औंढ्याची आख्यायिका तर लहानपणापासून ऐकलीय. नर्सीच्या नामदेवांना कीर्तन करताना हटवलं, 'देवळामागं जा' म्हणाले. ते निमूट मागं गेले, आणि देऊळच त्यांच्याकडं फिरलं. चमत्कार मानायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मला त्यातून एवढंच कळतं: ज्याला बाजूला काढलं, त्याच्याकडं कुणीतरी तोंड फिरवायला हवं.

आमच्या वर्गात कुणीच फिरलं नाही.

म्हणून तुमच्यासाठी तीन सोप्या गोष्टी. एक, हसू नका. ग्रुपवर कुणाच्या फोटोचं स्टिकर आलं तर पुढं पाठवू नका. दोन, मधल्या सुट्टीत त्याच्याशेजारी, तिच्याशेजारी डबा उघडा. भाषण नको, नुसतं बसा. तीन, मारहाण किंवा अंगाशी घाण चाळे होत असतील तर एकट्यानं भिडू नका. विश्वासातल्या बाईंना, सरांना, घरी सांगा, नाहीतर १०९८ ला फोन करा. फोन फुकट लागतो. आणि ही चहाडी नाही, मदत आहे.

तो मुलगा आज कुठं असेल, मला माहीत नाही. तुमच्या वर्गातला मात्र उद्या तुम्हाला भेटणारच आहे.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, एकमेकांची!