मद्यार्क : जंतुनाशक, इंधन आणि विष



ढाणकी ज्या उमरखेड तालुक्यांत आहे, तो उसाचा मुलूख. तालुक्यांतील पोफाळी येथें साखर कारखानाही उभा राहिला. साखर काढून उरलेली काळी मळी आंबविली, कीं तिच्यांतून मद्यार्क गाळतां येतो. हाच मद्यार्क आज आपल्या दारीं दोन रूपांनीं आला आहे : हात निर्जंतुक करणारें सॅनिटायझर आणि पेट्रोलांत मिसळलेलें इंधन. पेट्रोलांतील त्याचें प्रमाण २०२५ सालीं शेंकडा २० वर पोहोंचलें.

मद्यार्क जंतूंच्या अंगांतील प्रथिनें मोडतो. या कामीं पाण्याचें साह्य लागतें. म्हणून निव्वळ मद्यार्काहून शेंकडा ७० ते ८० प्रमाणाचें मिश्रण अधिक गुणकारी. हात सुकेपर्यंत चोळावे. मातीनें किंवा तुपातेलानें माखलेल्या हातांना मात्र साबण आणि पाणीच हवें.

पण जें पेट्रोलाबरोबर जळतें, तें हातावरही जळतें. पाणी मिसळलेलें हें मिश्रण आपल्या उन्हाळ्यांत ठिणगीसरशी पेट घेतें. त्याची वाफ हवेहून जड असल्यानें जमिनीलगत पसरत चुलीपर्यंत जाते, आणि निळसर ज्योत उन्हांत दिसतही नाहीं. म्हणून हात पुरते सुकल्यावांचून काडी ओढूं नये. पेटत्या दिव्यांत स्पिरिट कधींही ओतूं नये.

तिसरा धोका पोटांत जाण्याचा. ३१ जानेवारी २०२१ रोजीं याच यवतमाळ जिल्ह्यांत, घाटंजी तालुक्यांत, बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजीं सॅनिटायझर पाजलें गेलें. त्यांना यवतमाळच्या रुग्णालयांत ठेवावें लागलें. सुदैवानें तीं बचावलीं. पुढें एप्रिलमध्यें वणी येथें, टाळेबंदींत दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर प्यालेले सात जण दगावले. असें मिश्रण नेहमींच्या दारूहून सुमारें दुप्पट तीव्र असतें. त्यांत मिथिल मद्यार्काची भेसळ असली, तर शरीरांत त्याचें फॉर्मिक आम्ल होऊन प्रथम दृष्टि आणि मग प्राण जातो. लक्षणें दिसावयास कित्येकदां अर्धा दिवस लागतो. म्हणून लक्षणांची वाट न पाहतां, उलटी करविण्याच्या खटपटींत न पडतां, रुग्णास बाटलीसकट तत्काळ रुग्णालयांत न्यावें.

एवढी शिस्त प्रत्येक गृहिणीस आणि गृहस्थास सहज पाळतां येईल : मद्यार्क पाण्याच्या वा सरबताच्या बाटलींत भरूं नये, त्यावरील चिठ्ठी काढूं नये, आणि बाटली चुलीपासून दूर, मुलांचा हात पोहोंचणार नाहीं अशा फळीवर ठेवावी.