छपराआडचा घुमट
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



‘कॉन्व्हेंट’ हा शब्द मध्यमवर्गीय घरांत आता इंग्रजी माध्यमाचा पर्याय म्हणूनच वापरला जातो. मुलीचे नाव शाळेत घालायची वेळ आली की ‘कॉन्व्हेंट की मराठी?’ असा प्रश्न पुढे येतो. वस्तुतः कॉन्व्हेंट म्हणजे कॅथलिक संन्यासिनींचा मठ. या मठांनी शाळा का काढल्या आणि कोणासाठी काढल्या, हे पाहिले तर त्या प्रश्नाची मांडणीच बदलते. मराठी शाळेच्या हीरक महोत्सवात या इतिहासाची उजळणी त्यामुळेच अप्रस्तुत ठरू नये.

इंग्लंडच्या उत्तर भागात यॉर्क हे तटबंदीचे जुने शहर आहे. त्याच्या मिकलगेट बार या वेशीबाहेर १६८६ साली फ्रान्सेस बेडिंगफील्ड या संन्यासिनीने घर घेतले आणि तेथे मुलींची शाळा सुरू केली. सर थॉमस गॅस्कॉइन या उमरावाने त्यासाठी ४५० पौंड दिले होते. त्या काळी इंग्लंडमध्ये कॅथलिक उपासना आणि कॅथलिक शिक्षण या दोहोंवर कायद्याने बंदी होती. म्हणून या भगिनी संन्यासिनींचा वेश न घालता साध्या पोशाखात वावरत. बेडिंगफील्डबाईंनी तर आपले नावही बदलून घेतले होते. तरीही त्यांना कारावास चुकला नाही. अशा परिस्थितीतही १६९९ मध्ये या भगिनींनी निवासी शाळेला जोडून मोफत दिवसशाळा सुरू केली.

या प्रयत्नामागची प्रेरणा होती मेरी वॉर्ड. १५८५ साली यॉर्कशरमध्ये जन्मलेल्या या स्त्रीने १६०९ मध्ये असा संघ उभारला, की ज्यातील स्त्रिया मठाच्या भिंतीआड न राहता समाजात जाऊन मुलींना शिकवतील. चर्चला ते मानवले नाही. १६३१ मध्ये पोपच्या आज्ञेने संघ विसर्जित झाला आणि मेरी वॉर्डला म्यूनिक येथे काही काळ बंदिवास भोगावा लागला. म्हणजे स्त्रीशिक्षणाच्या या वाटेवर राज्यकर्त्यांचा विरोध होता, तसा स्वधर्मीय सत्तेचाही होता. पुण्यात १८४८ साली सावित्रीबाईंना जे सोसावे लागले, ते जाणणाऱ्या श्रोत्यांना हे नवल वाटणार नाही.

यॉर्कच्या मठात आजही एक वास्तू पाहायला मिळते. १७६९ मध्ये तेथे प्रार्थनामंदिर बांधले गेले. त्याला सुंदर घुमट आहे. पण तो रस्त्यावरून दिसत नाही. वरून साधे उतरते छप्पर घालून तो झाकलेला आहे. छापा पडलाच तर निसटता यावे म्हणून मंदिराला आठ दारे ठेवली आणि धर्मगुरूला दडण्यासाठी जमिनीखाली जागा केली. शिक्षणाचे मोल बाहेरून दिसणाऱ्या इमारतीवरून ठरवू नये, हे सांगायला याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

याच शाळेत डब्लिनहून फ्रान्सेस बॉल ही मुलगी शिकायला आली. पुढे ती संन्यासिनी झाली, आयर्लंडला परतली आणि तिने डब्लिनजवळ रॅथफार्नहॅम येथे लोरेटो मठ स्थापन केला. तेथून निघालेल्या तरुण भगिनी सुमारे चार महिन्यांचा समुद्रप्रवास करून ३० डिसेंबर १८४१ रोजी कलकत्त्याला उतरल्या. त्यांच्या प्रमुख डेल्फिन हार्ट जेमतेम तेवीस वर्षांच्या होत्या. दोन आठवड्यांच्या आत, १० जानेवारी १८४२ रोजी, मिडलटन रो येथे लोरेटो हाउसची शाळा भरली. आरंभी तेथील विद्यार्थिनी प्रामुख्याने युरोपीय कुटुंबांतील होत्या. इंग्रजी शिक्षणाशी जोडलेली कॉन्व्हेंटची प्रतिमा अशाच शाळांतून रूढ झाली.

पण कथा तेथेच थांबत नाही. लोरेटो भगिनींच्या एन्टाली येथील आवारात सेंट मेरीज ही मुलींची शाळा होती आणि तिचे माध्यम बंगाली होते. १९२९ मध्ये भारतात आलेल्या एका तरुण भगिनी १९३१ पासून तेथे भूगोल आणि इतिहास शिकवू लागल्या. त्या बंगाली इतक्या सफाईने बोलत की त्यांना ‘बंगाली तेरेसा’ म्हणत. १९४४ मध्ये त्या मुख्याध्यापिका झाल्या. १९४८ मध्ये गोरगरिबांच्या सेवेसाठी मठाबाहेर पडल्या. जगाने पुढे त्यांना मदर तेरेसा म्हणून ओळखले. त्यांची पहिली सहकारी, सुभाषिनी दास, ही याच बंगाली शाळेतील त्यांची विद्यार्थिनी होती. जगभर पसरलेल्या त्या कार्याची पहिली फळी मातृभाषेतून शिकलेल्या मुलींची होती, हे विसरले जाऊ नये.

याच परंपरेतील सियालदहच्या लोरेटो शाळेने वेगळा धडा घालून दिला. सिस्टर सिरिल मूनी यांनी तेथे फी भरणाऱ्या मुलींच्या बरोबरीने रस्त्यावर राहणाऱ्या मुलींना दारे उघडून दिली. शाळेच्या विद्यार्थिनींनीच या मुलींना शिकवायचे, अशी रीत पाडली. २००७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आणि यॉर्कची मूळ शाळा? १९८५ मध्ये ती दुसऱ्या शाळांबरोबर एका मोठ्या शाळेत विलीन झाली. जवळजवळ तीनशे वर्षांनी तिचे स्वतंत्र अस्तित्व संपले. तरी ती संपली असे कोण म्हणेल? डब्लिनहून आलेली एक विद्यार्थिनी जे घेऊन गेली, ते कलकत्त्यात आजही चालू आहे.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळांच्या भवितव्याची चिंता आज ठिकठिकाणी बोलून दाखवली जाते. पट कमी होतो, वर्ग रिकामे दिसतात. ही चिंता खोटी नाही. पण शाळेचे आयुष्य केवळ पटावर मोजता येत नाही. एखादी शाळा कोणासाठी दार उघडते आणि तिचे विद्यार्थी पुढे कोणासाठी दार उघडतात, यावर ते मोजावे लागते. पालकांनी शाळा निवडताना नावाच्या पाटीपेक्षा हे पाहावे. माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एकदा तरी वर्गात येऊन एखादा धडा शिकवावा, एखाद्या मुलीची वर्षाची फी उचलावी. हीरक महोत्सवाला याहून साजेशी भेट दुसरी नसेल.