विधेयक कोणत्या वाटेने येते?

(शिरपामाळ येथे जव्हार-मोखाड्यातील महिला गटांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिरपामाळावर जमलो की 1664 साली सुरतेच्या स्वारीवेळी शिवाजी महाराजांचा इथे मुक्काम पडला होता, ही गोष्ट निघतेच. आज मात्र आपल्याला दिल्लीची गोष्ट बोलायची आहे. आरोग्याचे कायदे संसदेत कोणत्या रीतीने मंजूर होतात आणि त्या रीतीवरून पक्षांची भांडणे का होतात, हा आजचा विषय. तो रुक्ष वाटेल. "विधेयक समितीकडे गेले काय आणि न गेले काय, आपल्या पाड्यावर सिस्टर येणार आहे का, ते सांगा," असे तुमच्यापैकी कोणी म्हणेल. हा प्रश्न रास्तच आहे. सिस्टरला काय करण्याची परवानगी आहे, हेही कायदाच ठरवतो. म्हणून तो कसा तयार होतो हे आपल्याला कळले पाहिजे.

गर्भपाताच्या कायद्याचेच उदाहरण घेऊ. महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने 1966 मध्ये अहवाल दिला आणि 1971 मध्ये कायदा झाला. गर्भपाताची मर्यादा वीस आठवडे ठरली. पुढे सोनोग्राफी आली. बाळातले गंभीर व्यंग अनेकदा विसाव्या आठवड्याच्या आसपास कळू लागले, आणि तोवर मुदत संपलेली असे. 2008 मध्ये मुंबईतले एक जोडपे आणि त्यांचे डॉक्टर निखिल दातार उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने परवानगी दिली नाही. कायदा बदलायला हवा, ही चर्चा तेव्हापासून देशभर सुरू झाली.

2014 मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीचा मसुदा लोकांपुढे ठेवला. त्यात मर्यादा चोवीस आठवड्यांपर्यंत वाढवण्याबरोबर आणखी एक गोष्ट होती. प्रशिक्षित नर्स, एएनएम आणि आयुष डॉक्टर यांनाही गर्भपाताची सेवा देऊ द्यावी, असे त्यात सुचवले होते. डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला. तो मसुदा विधेयक म्हणून संसदेत आलाच नाही. 2020 मध्ये जे विधेयक आले, त्यातून नर्स गायब झाली होती. मोखाड्याच्या बाईसाठी हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा होता. स्त्रीरोगतज्ज्ञ तालुक्याच्या गावीही सहज मिळत नाही, सिस्टर मात्र उपकेंद्रात असते.

आता तारखा नीट ऐका. हे विधेयक 2 मार्च 2020 रोजी लोकसभेत मांडले गेले आणि 17 मार्चला मंजूर झाले. कोणत्याही संसदीय समितीकडे ते गेले नाही. राज्यसभेत ते आले 16 मार्च 2021 रोजी, म्हणजे एक वर्षाने. तिथे विरोधी सदस्यांनी ते प्रवर समितीकडे पाठवा, अशी मागणी केली. आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांचे म्हणणे असे, की आम्ही आधीच भरपूर विचारविनिमय केला आहे. मागणी आवाजी मतदानाने फेटाळली गेली आणि विधेयक आवाजी मतदानानेच मंजूर झाले. आवाजी मतदानात कोण कोणत्या बाजूला होते याची नावनिशीवार नोंद राहत नाही. उद्या आपल्या खासदाराला "तुम्ही काय केलेत?" असे विचारायचे, तर कागद दाखवता येत नाही.

हे विधेयक दोन सभागृहांच्या मध्ये वर्षभर पडून होते. करोनाची साथ होती, हे खरे. तरी समितीला वेळ नव्हता, असे कोणाला म्हणता येणार नाही.

याच्या शेजारी सरोगसीचे विधेयक ठेवून पाहा. लोकसभेने ते ऑगस्ट 2019 मध्ये मंजूर केले. राज्यसभेने नोव्हेंबर 2019 मध्ये ते प्रवर समितीकडे पाठवले आणि समितीने फेब्रुवारी 2020 मध्ये अहवाल दिला. तीन महिनेही लागले नाहीत. तेवढ्यात बरेच बदल सुचवले गेले. जवळच्या नात्यातलीच बाई सरोगेट होऊ शकेल, ही अट काढावी. विधवा आणि घटस्फोटित बाईलाही हा मार्ग खुला असावा. सरोगेट बाईचा विमा सोळा महिन्यांऐवजी छत्तीस महिन्यांचा असावा. "जवळचे नाते" ही अट धोक्याची होती. सासरी दबलेल्या धाकट्या जावेवर कोण कसा दबाव आणते, हे तुम्हाला सांगायला नको. 2021 च्या कायद्यातही मला न पटणारे पुष्कळ आहे. पण समितीमुळे काही तरी बदलले, हे मान्य करावे लागेल.

आणखी मागे जाऊ. गर्भलिंग निदानाविरुद्ध महाराष्ट्रात महिला संघटनांनी मोर्चे काढले, लेख लिहिले, आणि 1988 मध्ये देशातला पहिला कायदा इथे झाला. केंद्राचे विधेयक 1991 मध्ये मांडले गेले, दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले, 1994 मध्ये मंजूर झाले आणि कायदा 1 जानेवारी 1996 पासून लागू झाला. नवऱ्याने वा नातेवाइकांनी बाईला तपासणीला भाग पाडले, असे गृहीत धरणारे कलम त्यात आहे. त्या वर्षांत किती तपासण्या झाल्या असतील, याचा विचार केला की उशीरही टोचतो.

म्हणून समिती म्हणजे सगळे चांगले, असे मी म्हणणार नाही. समितीच्या नावाखाली विषय कुजवताही येतो. महिला आरक्षणाचे विधेयक 1996 मध्ये प्रथम आले, गीता मुखर्जींच्या समितीने त्यावर अहवालही दिला, आणि मंजुरीला 2023 उजाडले. सत्तेत असताना घाई आणि विरोधात बसल्यावर समितीची मागणी, ही सवय एका पक्षाची नाही. तरी आकडे बोलतात. पंधराव्या लोकसभेत, म्हणजे 2009 ते 2014 मध्ये, सुमारे 71 टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत, 2019 ते 2024 मध्ये, हे प्रमाण सुमारे 16 टक्क्यांवर आले.

हे भांडण सगळीकडेच आहे. अमेरिकेत 2010 साली ओबामांचा आरोग्यविम्याचा कायदा झाला, तेव्हा सिनेटमध्ये चर्चा थांबवायला साठ मते लागत. पोटनिवडणुकीत एक जागा गेली आणि साठ उरली नाहीत. मग साध्या बहुमताची, अंदाजपत्रकासाठी असलेली वाट धरून उरलेल्या दुरुस्त्या मंजूर केल्या. विरोधकांनी लबाडीचा आरोप केला. 2017 मध्ये त्याच विरोधकांनी कायदा मोडायला तीच वाट धरली, आणि 49 विरुद्ध 51 मतांनी हरले. 2010 च्या घासाघिशीत काही सदस्यांची मते मिळवण्यासाठी एक सरकारी आदेश काढावा लागला: सरकारी पैसा गर्भपातावर खर्च होणार नाही. रस्सीखेच दोन पक्षांची, आणि देऊन टाकले ते बायांचे.

मग आपण कोणत्या पक्षाच्या बाजूला उभे राहायचे? माझे उत्तर असे, की आपली फूटपट्टी आपल्याजवळ असावी. प्रत्येक विधेयकाला तीन प्रश्न विचारावेत. ज्यांच्या अंगावर हा कायदा येणार, त्यांचे म्हणणे ऐकले का? ऐकायची मुदत ठरलेली आहे का, म्हणजे घाईही नाही आणि कुजवणेही नाही? आणि मते नोंदवून घेतली का?

2021 च्या कायद्याला हे प्रश्न लावा. बाळात गंभीर व्यंग असेल आणि चोवीस आठवडे उलटले असतील, तर वैद्यकीय मंडळाकडे जावे लागते. दिवाळीनंतर आपली कुटुंबे भिवंडी-वसईकडे, वीटभट्ट्यांवर जातात. कार्ड घरी राहते, तपासणी राहून जाते. अशा बाईला मंडळापर्यंत कोण नेणार, तिची मजुरी कोण भरून देणार, हे समितीपुढे सांगायला तिला कोणी बोलावलेच नाही.

समिती नेमली की सूचना मागवणारी जाहिरात निघते. मुदत बहुधा पंधरा दिवसांची, आणि जाहिरात मराठीतून आपल्यापर्यंत पोहोचेलच असे नाही. म्हणून तालुक्याला दोघी-तिघींनी हे लक्षात ठेवण्याचे काम अंगावर घ्यावे. आपला भाग अनुसूचित क्षेत्रात आहे, ग्रामसभेच्या ठरावाला इथे वजन आहे. ठराव मराठीत लिहा, अंगठे आणि सह्या घ्या, खासदाराला आणि आमदाराला पोचवा, पोच घ्या. मागणी साधी असू द्या: आरोग्याचे विधेयक समितीकडे जावे, समितीने आदिवासी भागात येऊन ऐकावे आणि ठरलेल्या दिवशी अहवाल द्यावा.

सिस्टर पाड्यावर येणार का, या प्रश्नाचे उत्तर दिल्लीत ठरत असेल, तर तो प्रश्न आपण दिल्लीत नेऊन विचारू. त्या ठरावाचे पहिले वाक्य आज इथेच लिहायला घेऊ.