एथेलबर्टाचा कायदा आणि भाषेची मिरास



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी जन्मभर इतिहास शिकविला. म्हणून मराठीच्या या अध्यापकाने आज इतिहासाचाच आधार घेतला आहे. माझा विषय आहे केंटचा राजा एथेलबर्ट. आल्फ्रेड आपल्या ऐकिवात असतो. त्याच्या जवळजवळ तीन शतके आधीचा हा राजा मात्र सहसा नसतो.

इंग्लंडच्या आग्नेय कोपऱ्यातील केंट हे त्याचे राज्य. त्याची राणी बर्था ही फ्रँक राजकन्या आणि ख्रिस्ती होती. इ. स. ५९७ मध्ये पोप ग्रेगरीने पाठविलेला ऑगस्टीन थॅनेट बेटावर उतरला, तेव्हा राजा त्याला उघड्यावर भेटला. छपराखाली भेटल्यास हे परके लोक आपल्यावर जादूटोणा करतील, अशी त्याला धास्ती होती, असे ७३१ साली आपला इतिहास पूर्ण करणारा बीड सांगतो. पुढे राजाने बाप्तिस्मा घेतला, आणि कँटरबरी हे इंग्लंडच्या ख्रिस्ती धर्माचे पीठ झाले. हंबर नदीच्या दक्षिणेकडील राज्यांवर अधिसत्ता गाजविणाऱ्या राजांत बीड त्याला तिसरा गणतो. ६१६ मध्ये तो निवर्तला.

परंतु मला तो महत्त्वाचा वाटतो तो निराळ्या कारणाने. त्याने रोमनांचा कित्ता गिरवून, जाणत्यांच्या सल्ल्याने कायदे लिहविले आणि ते लिहविले इंग्रजीत. युरोपच्या मुख्य भूमीवरील फ्रँक, बर्गंडी आदी राज्यांचे कायदे लॅटिनमध्ये होते. लेखणी धर्मोपदेशकांची, लिपीही लॅटिन. तरी शब्द मात्र लोकांच्या तोंडचे. इंग्रजीत रचलेला, आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना ग्रंथबद्ध मजकूर तो हाच.

त्यात तत्त्वचर्चा नाही, भरपाईचे दर आहेत. समोरचा एक दात पाडल्यास ६ शिलिंग, अंगठा तोडल्यास २०, करंगळी तोडल्यास ११, अंगठ्याचे नख गेल्यास ३. हे ऐकून हसू येते. पण हेतू गंभीर होता. रक्ताचा बदला रक्ताने घेणाऱ्या घराण्यांना त्याने मोजदादीचा मार्ग दाखविला. भाषेच्या अभ्यासकाला तर येथे खजिनाच सापडतो. आपण ज्या बोटाला तर्जनी म्हणतो, त्याला ते बाण सोडण्याचे बोट म्हणत. आपली अनामिका तेथे सोन्याचे बोट होती. आपण धमकावणीवरून नाव ठेवले, त्यांनी धनुष्यावरून!

हा कायदा टिकला कसा, ही कथा अधिक मोलाची आहे. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले आणि काही वर्षांतच राजाज्ञा लॅटिनमध्ये निघू लागल्या. इंग्रजीचा राजाश्रय सुटला. अशा काळात, ११२० च्या दशकाच्या प्रारंभी, रोचेस्टर येथील एका लेखकाने हे पाचशे वर्षांपूर्वीचे जुने कायदे उतरवून घेतले. त्याची लेखणी थांबली असती तर एथेलबर्टाचा शब्द आपल्यापर्यंत आलाच नसता, कारण दुसरी प्राचीन प्रत उरलेली नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी हे हस्तलिखित पाण्यात पडले. पाण्याचे डाग त्याच्या पानांवर अजून आहेत. तरी ते वाचले.

भाषेला प्रतिष्ठा देणारा राजा इतिहासात नाव मिळवितो. राजाश्रय गेल्यावर ती जपणारा लेखनिक निनावी राहतो. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या या शाळेत मराठीचे वर्ग चालविणाऱ्यांना हे मी वेगळे सांगायला नको. एथेलबर्ट होणे आपल्या हाती नाही. रोचेस्टरचा तो लेखनिक होणे मात्र आहे. आपल्या गुरुजींनी तेच काम केले, आणि ते पुढे चालविणे हीच त्यांना खरी श्रद्धांजली होय.