घरचा अभ्यास आणि घरची वेळ

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या आनंदाच्या दिवसांत धर्मगुरूंनीं मुलांच्या गृहपाठाविषयीं बोलावें, हें आपणांपैकीं कित्येकांस चमत्कारिक वाटेल. विषय कळला तेव्हां एका वृद्ध सद्गृहस्थांनीं आम्हांस विचारलेंच, कीं "फादर, हें काम मास्तरांचें, आपण कशाला त्यांत पडतां?" त्यांस आम्हीं तेव्हां उत्तर दिलें नाहीं, तें आज देतों. या महोत्सवासाठीं गेले तीन महिने सायंकाळीं सात वाजल्यापासून चर्चच्या सभागृहांत गायनाची, नृत्याची व नाटकाची तालीम चाललेली आहे. तालमीस येणाऱ्यांत आठवी, नववी व दहावी या इयत्तांतील मुलेंमुलीच अधिक. मागील महिन्यांत एक शिक्षिका बाई आम्हांस भेटल्या व मोठ्या अदबीनें म्हणाल्या, "फादर, आपल्या धर्मग्रामांतील मुलें हल्लीं गृहपाठ न करतांच शाळेंत येतात. विचारलें तर चर्चमध्यें तालीम होती असें सांगतात." तें ऐकून आम्हांस मान खालीं घालावी लागली. मुलांनीं अभ्यास करावा असें वेदीपासून सांगणारे आम्ही, आणि त्यांची अभ्यासाची वेळ काढून घेणारेही आम्हीच! तेव्हां हा विषय आमचा आहे, व त्यांतील पहिली चूकही आमची आहे.

आतां आपल्या घरांकडे वळूं. पुष्कळ पालक मुलांस घेऊन आमच्याकडे येतात. मूल दाराशीं उभें राहतें आणि आई म्हणते, "फादर, ह्याला जरा दम भरा, घरीं पुस्तक म्हणून उघडीत नाहीं." आम्ही दम भरतों. मूल रडतें, वचन देतें, दोन दिवस पुस्तक घेऊन बसतें, आणि तिसऱ्या दिवशीं पहिले पाढे पंचावन्न. कांहीं वर्षांपूर्वीं नववींतील एक मुलगा असाच आमच्यापुढें उभा करण्यांत आला. तीनदां दम भरून झाला होता. चौथ्या वेळीं आम्हीं त्यास एवढेंच विचारलें, "बाळ, तूं अभ्यासाला कोठें बसतोस?" तो गप्प राहिला. दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं आम्ही त्याच्या घरीं गेलों, तेव्हां त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ कळला. एकच मोठी खोली, तींत टी. व्ही. चालूं, धाकटीं भावंडें खेळत असलेलीं, वडील मुंबईच्या नोकरीवरून कधीं आठला, कधीं दहाला परतणार, आणि जेवण, जपमाळ, झोंप यांपैकीं कशाचीच वेळ ठरलेली नाहीं. ज्या घरांत कशालाच वेळ नाहीं, तेथें चौदा वर्षांच्या मुलानें एकट्यानें अभ्यासाची वेळ कशी पाळावी?

त्या घरांत एकच गोष्ट मात्र रोज ठरल्या वेळीं होत असे. मुलाची आजी दिवेलागणीनंतर मागल्या पडवींत बसून दुसऱ्या दिवशींच्या बाजारासाठीं भाजीच्या जुड्या केळीच्या सोपटानें बांधीत असे. आम्हीं सुचविलें, कीं पडवींत एक चांगला दिवा लावावा, मुलानें आजीशेजारीं बसावें, आणि तिची शेवटची जुडी बांधून होईपर्यंत उठूं नये. याहून दुसरा नियम केला नाहीं. आजीला वाचतां येत नव्हतें. तिनें एकाही गणिताचें उत्तर तपासलें नाहीं. ती फक्त विचारी, "आज काय दिलंय रे?" आणि मुलगा तिला सांगे. समजावून सांगतां सांगतां पुष्कळदां त्याचें त्यालाच समजे. तो पुढें वर्गांत पहिला आला असें आम्ही सांगणार नाहीं. शालांत परीक्षेंत तो गणितांत जेमतेम उत्तीर्ण झाला. परंतु त्याला दम भरण्याची पाळी पुन्हां कोणावर आली नाहीं, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंतील वीजतंत्रीचा अभ्यासक्रम त्यानें एकही विषय मागें न ठेवतां पुरा केला.

त्या आजीपासून आम्ही जें शिकलों तें सेमिनरींत शिकलों नव्हतों. गृहपाठाची संवय प्रथम घराला लागते, मग मुलाला. जपमाळेचेंच पाहा. ज्या घरांत सर्व माणसें रोज एका वेळेस गुडघे टेकतात, तेथें मुलास प्रार्थना करावयास सांगावें लागत नाहीं. ज्या घरांत "जा, तूं तुझी जपमाळ करून घे" असें म्हणून वडील माणसें टी. व्ही.समोर बसून राहतात, तेथें काय होतें हें आपण जाणतां.

कोणी म्हणेल, रोज बसण्याचा एवढा आग्रह कां? परीक्षा जवळ आली म्हणजे मुलें रात्री जागून काढतातच कीं! यासंबंधीं जर्मनींतील हर्मान एबिंगहाउस या विद्वानानें स्वतःवरच प्रयोग करून १८८५ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. निरर्थक अक्षरांच्या याद्या तो पाठ करी, आणि कांहीं काळानें त्याच पुन्हां पाठ करतांना पहिल्यापेक्षां किती श्रम वांचले हें मोजी. एका तासानें निम्म्याहून अधिक, व एका दिवसानें सुमारें दोनतृतीयांश श्रम वायां गेलेले त्यास आढळले. अर्थ कळलेला धडा इतक्या लवकर विसरत नाहीं हें खरें. पण विसरण्याचा ओघ तसाच, पहिल्या दिवशीं जोराचा व पुढें मंद. दुसरी गोष्ट त्यास अशी दिसली, कीं आदल्या दिवशीं एकाच बैठकींत एखादी यादी ६८ वेळां घोकून जेवढा लाभ झाला, तेवढाच तीन दिवसांत वांटून केलेल्या ३८ आवृत्तींनीं झाला. ज्याच्या वाडींत पानवेल आहे त्यास हें समजावून सांगण्याची गरज नसावी. आठवड्याचें पाणी रविवारीं एकदम सोडल्यानें पानवेल जगत नाहीं. आणि तरीही त्याच वाडीचा धनी फेब्रुवारींत मुलाला रात्र रात्र जागवून वर्षाचें पाणी एकदम पाजूं पाहतो!

ख्रिस्तसभेच्या जुन्या शिक्षकांस ही गोष्ट प्रयोगावांचूनच ठाऊक होती. येशूसंघानें १५९९ सालीं आपल्या विद्यालयांसाठीं 'रात्सिओ स्तुदिओरुम' नांवाची नियमावली केली. तींत रोजच्या पाठाची उजळणी सांगितली आहे, व शनिवारीं आठवड्याच्या साऱ्या पाठांची. शिवाय वर्गांतीलच कांहीं विद्यार्थ्यांकडे बाकीच्यांचा पाठ म्हणून घेण्याचें काम दिलेलें आहे. पाठ म्हणून दाखविण्यांतील हें मर्म अलीकडे पुन्हां सिद्ध झालें. अमेरिकेंतील रोएडिगर व कार्पिके या संशोधकांचा २००६ सालीं प्रसिद्ध झालेला प्रयोग असा, कीं उतारा पुन्हां पुन्हां वाचणाऱ्या विद्यार्थ्यांस पांच मिनिटांनीं अधिक आठवलें. परंतु आठवड्यानें पाहिलें तों पुस्तक मिटून आठवण्याचा यत्न करणारे पुढें गेले होते. तेव्हां मुलगी पुस्तक पुढें धरून बसली आहे एवढ्यावर आईबापांनीं समाधान मानूं नये. पुस्तक मिटवावें, आणि "सांग पाहूं काय वाचलेंस" असें म्हणावें. यासाठीं आपणांस तो विषय येण्याची आवश्यकता नाहीं.

आतां सक्तीविषयीं. संत ऑगस्टीन यांनीं आपल्या 'कन्फेशन्स' या ग्रंथांत स्वतःच्या बाळपणाविषयीं मोकळेपणानें लिहिलें आहे. शाळेंत त्यांस आळसाबद्दल मार बसे. ग्रीक भाषा त्यांस धमक्या व शिक्षा यांच्या जोरावर शिकविण्यांत आली. तिचा त्यांस तिटकारा आला. लॅटिन मात्र दायांच्या लाडांत व हंसण्याखेळण्यांत आपोआप कानीं पडून ते शिकले. एवढ्या थोर बुद्धीच्या मुलाची ही कथा, मग आपल्या मुलांची काय? आम्हीं स्वतः हा धडा फार उशिरां घेतला. पूर्वीच्या एका धर्मग्रामांत आम्हीं अभ्यासिका उघडली होती. रोज सात वाजतां घंटा, हजेरीपट, गैरहजर राहणाऱ्याच्या घरीं चिठ्ठी. चाळीस मुलें येत. आम्हांस त्याचा मोठा अभिमान वाटे, आणि दुसऱ्या धर्मगुरूंस तो आम्ही बोलूनही दाखवीत असूं. आमची बदली झाली आणि दोन महिन्यांत ती खोली बंद पडली. खोलीबद्दल दुःख नाहीं. परंतु त्या चाळिसांतील बहुतेकांनीं घरीं बसून अभ्यास करणेंही सोडलें, हें कळलें तेव्हां आम्हांस आमचे सेमिनरींतील दिवस आठवले. तेथें आम्ही घंटेबरोबर पुस्तक उघडीत असूं, व मे महिन्याच्या सुटींत घरीं आलों कीं पंधरा पंधरा दिवस त्यास हात लावीत नसूं. घंटा चर्चची होती. मुलांची ती झालीच नव्हती.

मग वेळ कोणी ठरवावी? मुलाशीं बसून ठरवावी. सातची कीं साडेआठची हा प्रश्न गौण आहे. रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीस ती बांधलेली असावी, म्हणजे घड्याळाकडे पाहण्याचें कारण उरत नाहीं. जपमाळ संपली कीं दप्तर उघडावयाचें. प्रथम आज काय दिलें आहे तें एका वहींत लिहावें. मग जें नको वाटतें तें आधीं घ्यावें. गृहपाठ हल्लीं व्हॉट्सअ‍ॅपवरही येतो, आणि तो पाहण्याच्या निमित्तानें मोबाइल हातीं घेतलेला मुलगा तासाभरानें बाहेर पडतो. म्हणून दिलेलें काम वहींत उतरवून घ्यावें व मोबाइल आईपाशीं ठेवावा. आणि आईनेंही तो त्या वेळांत पाहूं नये. हें शेवटचें कठीण आहे, आम्ही जाणतों. प्रकल्पांविषयीं तर बोलूंच नये! दुकानांतून तयार आणलेला व बापानें रात्रीं चिकटवलेला प्रकल्प आम्हीं शाळेच्या प्रदर्शनांत पाहिला आहे, आणि त्यास बक्षीसही मिळालेलें पाहिलें आहे.

पहिल्या आठवड्यांत हें सर्व सुरळीत चालेल, दुसऱ्यांत बिघडेल. तेव्हां निराश होऊं नये. लंडनमधील फिलिपा लॅली व त्यांचे सहकारी यांनीं २०१० सालीं एक संशोधन प्रसिद्ध केलें. ९६ जणांनीं रोज एका ठराविक प्रसंगीं खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एखादी लहानशी गोष्ट करावयाची होती. ती अंगवळणीं पडण्यास कोणास १८ दिवस, तर कोणास २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. मधला आंकडा ६६ दिवसांचा. एखादा दिवस चुकल्यानें फारसें कांहीं बिघडलें नाहीं. अभ्यास ही त्याहून जड गोष्ट आहे, तेव्हां दिवस कमी लागतील अशी आशा नको. जूनच्या मध्यास शाळा उघडल्यापासून ६६ दिवस मोजले तर मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण उलटून आठवडा होतो. तोंवर घरांत लग्न निघेल, आजारपण येईल, गांवांत कोणाचें निधन होईल. त्या दिवशीं वेळ चुकेल. दुसऱ्या दिवशीं कांहीं न बोलतां दप्तर पुन्हां उघडावें.

शेवटीं आमच्याकडील चुकीची भरपाई. येत्या जूनपासून सोमवार ते शुक्रवार सायंकाळीं सात ते नऊ या वेळांत आठवी ते दहावीच्या मुलांस बोलावणारी कोणतीही तालीम, सभा किंवा वर्ग या चर्चमध्यें होणार नाहीं. गायनमंडळानें शनिवारची वेळ मान्य केली आहे; त्यांचे आभार. ज्यांच्या घरीं बसण्यास खरोखरच जागा नाहीं त्यांच्यासाठीं सभागृहामागील दोन खोल्या त्या वेळांत उघड्या राहतील. हजेरीपट नसेल, घंटाही नसेल. मुलानें आपली वेळ स्वतः ठरवून दारावरील वहींत लिहावी. प्रत्येक सायंकाळीं एक वडील माणूस आपलें कांहीं काम घेऊन तेथें बसलेलें आम्हांस हवें आहे. शिवण चालेल, हिशेब चालेल, भाजीच्या जुड्याही चालतील. नांवें कचेरींत द्यावींत. बाकें सोळा आहेत. एका खोलींतील पंखा बंद आहे, त्याच्या दुरुस्तीस सांगितलें आहे.