पोलादाच्या गावात बांबूचे छप्पर

(भिलाई येथील शाखेच्या सर्वसाधारण सभेत सचिवांनी केलेले भाषण)

अध्यक्ष महाराज, आणि रेल्वे व टपाल खात्यातील कामगार बंधू-भगिनींनो,

आज सभेपुढे ठराव साधा आहे. निवृत्त सभासदांना बसता यावे, पेन्शनचे कागद भरता यावेत म्हणून शाखेच्या आवारात एक छप्पर उभारायचे आहे. वाद आहे तो सामानाचा. काही तरुण सभासदांनी बांबू सुचवला आणि सभेत हशा पिकला. ज्या भिलाईच्या कारखान्याने १९५९ साली उत्पादन सुरू केले, ज्याचे २६० मीटर लांबीचे रूळ आपण देशभर अंथरतो, त्या गावात बांबू? हसणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. मात्र हसण्याआधी हिशेब करावा, एवढीच विनंती आहे.

बांबू हे झाड नव्हे, ते गवत आहे. साग इमारतीला यायला एक पिढी जाते, बांबूची काठी तीन-चार वर्षांत पक्की होते. तोडल्यावर बेट मरत नाही, पुन्हा कोंब येतात. आपल्या बाजूच्या जंगलांत मानवेल आणि कटांग या दोन जाती मुख्य. मानवेल जवळपास भरीव, लाठीचा बांबू. कटांग जाड, पोकळ आणि काटेरी.

'बांबू पोलादापेक्षा मजबूत' असे हल्ली कोणीही छापतो. हे अर्धसत्य आहे. धाग्याच्या दिशेने ओढला तर वजनाच्या मानाने बांबू पोलादाला हार जात नाही. पण सारख्याच आकाराचा पोलादी दांडा जेवढा वाकेल त्याच्या दहापट, कधी त्याहून अधिक, बांबू वाकतो. खिळा ठोकला तर उभा चिरतो. म्हणून सांधा भोक पाडून, नट-बोल्टने किंवा घट्ट बांधून करावा लागतो. आणि स्लॅबमध्ये सळईऐवजी बांबू घालू असे कोणी ठेकेदार म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. बांबू ओल्या काँक्रीटचे पाणी पिऊन फुगतो, वाळला की आकसतो आणि पकड सुटते. तेव्हा पोलाद कामगारांनी घाबरायचे कारण नाही. रूळ, गर्डर आणि सळई ही पोलादाचीच राहणार.

मग बांबूचा गुण कोणता? हलकेपणा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे गेली ती डोक्यावर कोसळलेल्या मातीच्या माळवदाखाली आणि जाड दगडी भिंतींखाली. याउलट आसामात १८९७ च्या मोठ्या भूकंपानंतर लाकडी सांगाडा, बोरू-बांबूच्या कुडाला मातीचा गिलावा आणि वर हलके छप्पर, अशी घरे रूढ झाली. हलके घर भूकंपात कमी हादरे खाते, आणि पडले तरी त्याखालचा माणूस वाचण्याची आशा असते.

आता बांबूचा खरा शत्रू. तो आहे कीड आणि ओल. बांबूत पिठूळ अंश असतो, त्यावर घुण लागते. बिनप्रक्रियेचा बांबू जमिनीत पुरला तर एक ते तीन वर्षांत कुजतो, छपराखाली कोरडा राहिला तर चार ते सात वर्षे टिकतो. प्रक्रिया केलेला आणि छपराखाली असलेला बांबू मात्र पंधरा वर्षे आणि त्याहून जास्त काम देतो. आपल्यातील जुन्या गँगमनना हे नवे नाही. चीड-देवदाराचे स्लीपर क्रिओसोट पाजूनच रुळाखाली जात, तो वास अजून अनेकांच्या नाकात असेल. नियम तोच आहे. पावसाळा संपल्यावर, थंडीच्या दिवसांत, तीन वर्षांवरचीच काठी तोडावी. कोवळी काठी घेऊ नये. मग ती बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवावी, सावलीत वाळवावी. बांबू मातीत पुरू नये, काँक्रीटच्या ओट्यावर लोखंडी बुटात उभा करावा. छपराची वळचण लांब ठेवावी. गावाकडे सांगतात की बांबू वाहत्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवला तर कीड कमी लागते. ते खरे आहे, कारण पिठूळ अंश पाण्याबरोबर निघून जातो.

हीच रीत मोठ्या कामात कशी चालते ते पाहा. विदर्भात वणी-वरोरा महामार्गावर २०२३ साली २०० मीटर लांबीचा बांबूचा संरक्षक कठडा बसवला गेला. त्याचे नाव 'बाहुबल्ली'. तिथेही बांबूला क्रिओसोट पाजले आणि वर प्लास्टिकचा थर दिला. बसवण्याआधी पिथमपूर येथे त्याची चाचणी झाली. आपल्या शेजारच्या बेमेतरा जिल्ह्यात कठिया येथे २०२४ साली १४० फूट उंचीचा बांबूचा मनोरा उभा राहिला.

पण दुसरी बाजू लपवणे हे संघटनेचे काम नाही. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राची बांबूची इमारत फेब्रुवारी २०२१ मध्ये आगीत भस्मसात झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये हाँगकाँगला बांबूच्या परांची चढवलेल्या उंच इमारतींना आग लागून दीडशेहून अधिक माणसे मेली. तिथे परांचीवरची जाळी आणि खिडक्यांवर लावलेला फोम यांनी आग पसरवली, असे प्राथमिक चौकशीत पुढे आले. तरीही धडा स्पष्ट आहे. बांबू जळतो. चुलीजवळ, वायरिंगला लागून, किंवा दाटीने उभ्या घरांत बांबू वापरताना मातीचा अथवा सिमेंटचा गिलावा हवाच. आणि २५,००० व्होल्टच्या तारांच्या आसपास बांबू नेऊ नये, ओल्या बांबूतून वीज वाहते.

आता कामगाराचा प्रश्न. १९२७ च्या वन कायद्याने या गवताला झाड ठरवले आणि ज्यांच्या दारात ते उगवते त्यांनाच ते तोडायला परवाना लागू लागला. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपज झाला. तरीही गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेला स्वतःचा बांबू विकण्यासाठी वाहतूक परवाने हाती यायला २७ एप्रिल २०११ उजाडावा लागला. वनाबाहेरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या बांबूवरचा झाडाचा शिक्का २०१७ च्या दुरुस्तीने पुसला. ज्यांची गावी शेती आहे त्यांनी हे लक्षात ठेवावे.

कायदा बदलला, पण बांबू चिरणाऱ्या हाताची मजुरी बदलली का? आपल्याकडचे बुरूड, छत्तीसगडातील कंडरा हे पिढ्यान्‌पिढ्या सुपे-टोपल्या विणत आले. मेळघाटात लवादा येथे सुनील व निरुपमा देशपांडे यांनी आदिवासी कारागिरांकडून बांबूची घरे आणि वस्तू घडवल्या, तेव्हा हे हात गवंड्या-सुताराइतकेच कसबी आहेत हे दिसले. आपण फिटरला कुशल कामगार म्हणतो, मग यांना मजूर का म्हणायचे?

टपाल खात्यातील बंधूंना आणखी एक सांगायचे आहे. ग्रामीण शाखा डाकपालाला डाकघरासाठी जागा स्वतः उभी करावी लागते. निवृत्तीला आलेल्या ट्रॅकमनलाही घराचा पहिला हिशेब छपराचाच असतो. नीट केलेला बांबू त्यांना परवडेल. अर्धवट केलेला बांबू मात्र त्यांचे पैसे दोनदा खाईल. म्हणून आपले छप्पर नुसती सावली नसावे, सभासदांना डोळ्यांनी पाहता येईल असा तो नमुना असावा.

तेव्हा ठराव असा करावा, ही आमची सूचना. पाया काँक्रीटचा, खांबाचे बूट आणि बोल्ट पोलादाचे, वरचा सांगाडा प्रक्रिया केलेल्या बांबूचा. प्रक्रिया सभासदांसमोर व्हावी. आराखडा भारतीय मानक १५९१२ प्रमाणे इंजिनियरकडून तपासून घ्यावा. विजेच्या तारा बांबूपासून दूर, नळीतून न्याव्यात. आणि कारागिरांना कुशल कामगाराच्या दराने मजुरी, तीही रोख, काम झाल्याच्या दिवशी. यातली एकही अट ठेकेदाराला मान्य नसेल, तर आम्ही स्वतः पत्र्याच्या बाजूने हात वर करू.

एवढे बोलून आम्ही आमचे भाषण संपवतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!